अंगठा आत

३ मार्च

प्रिय बंधू यास,

सप्रेम नमस्कार. आपली आई वारली, त्याला आज तीन आठवडे झाले. तिच्या एका बँक खात्याचा ट्रस्ट केलेला असून त्याचा विश्वस्त म्हणून तुझं नाव आहे, असं बँकेने कळवलं आहे. तू एवढ्या लांब राहतोस. तुला उगाच त्रास नको म्हणून सोबत कागद पाठवत आहे. खुणा केल्या आहेत तिथे सह्या करून उलट टपाली पाठव, म्हणजे तू मोकळा. मी माझा हक्क दादाच्या नावे राजीखुशीने सोडत आहे. दादा माझी फार काळजी घेतो. दुकान छान चाललं आहे. कागदाच्या कोपऱ्यावर डाग आहे तो शाईचा आहे.

तुझी बहीण

५ मार्च

बारक्या,

परवाचं पत्र फाडून टाक. त्याच्या आधी तो कागद फाड. "प्रिय बंधू यास" मी लिहीन का रे कधी? दादा मागे उभा राहून सांगत होता आणि मी लिहीत होते. "राजीखुशीने" म्हटल्यावर मी पेन थांबवलं, तर त्याने माझं डोकं धरून टेबलावर आपटलं. तो डाग शाईचा नाही, माझ्या नाकाचा आहे. लाल शाई आपल्या घरात कुणी आणली होती कधी?

तू अकरा वर्षांत मला एक ओळ लिहिली नाहीस. आईला मात्र लिहीत होतास. मला ती गेल्यावर कळलं. मिठाच्या पिंपामागे पत्र्याचा डबा होता, त्यात तुझी सगळी पत्रं. मी वाचली नाहीत. बरं, दोन वाचली.

आता नीट ऐक. आईने एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात मटणाचं दुकान आणि घर आहे. ते कोर्टात गेलंय, प्रोबेट का काय ते. मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाने म्हणेपर्यंत कशाला हात लावता येत नाही. नोटिसा, तारखा, वकील, दीड-दोन वर्षं कुठे जात नाहीत. दादा नुसता धुमसतोय. पण बँकेतल्या पैशांचं तसं नाही. आईचं जुनं खातं होतं, त्यावर वारस म्हणून दादाचं नाव होतं. तो आईचा मृत्यूचा दाखला आणि स्वतःचं ओळखपत्र घेऊन गेला आणि आठवड्याच्या आत खातं धुऊन घेऊन आला. कोर्ट नाही, कचेरी नाही. नाव कसं लागलं विचार. फॉर्म भरताना तो आईच्या मागे उभा होता, तिच्या मानेवर हात ठेवून. बँकेतल्या चष्मेवालीने विचारलं, "तुमच्या मागे कुणाला द्यायचं?" आई म्हणाली, "हाच की. मागेच उभा आहे."

पण म्हातारी त्या दिवशी शिकून आली. कातडी खारवून विकायची ना ती, ते तिचे स्वतःचे पैसे. त्यांचं दुसरं खातं उघडायला ती एकटी गेली. चष्मेवाली म्हणाली, "मुलीचं नाव घाला, सोपं आहे. दाखला दाखवला की पैसे तिच्या हातात." आईने विचारलं, "आणि ती पैसे घेऊन दारातून बाहेर पडली की?" चष्मेवालीला कळेना. तेव्हा आईने बाही वर केली आणि दंडावरचे काळेनिळे वळ दाखवले. मग त्या बाईने तिला स्वतः उठून एका वकीलबाईकडे नेलं.

त्या वकीलबाईने हा ट्रस्ट केला. पैसे माझ्यासाठी, पण सही तुझी. खातं आता आईचं नाही, ट्रस्टचं, म्हणून ते कोर्टाच्या वाटेला जात नाही. आणि नुसतं मला बडवून काही निघत नाही, कारण तुझ्या सहीशिवाय पै हलत नाही. आई म्हणाली होती म्हणे, "लांबच्या माणसाचा हात कुणाला पिरगाळता येत नाही." अडाणी होती ना आपली आई! बँकेला जे सुचलं नाही ते तिला सुचलं.

तर सही करू नकोस. मला मार पडेल, पडू दे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार मला नवा नाही. बाबांनी हाडावरून मांस सोलायला शिकवताना सुरी निसटली की आधी थोबाडीत द्यायचे, मग ओरडायचे, "अंगठा आत!" आठवतं? काहीही पडत असलं की अंगठा मुठीत घ्यायचा. चार बोटं गेली तरी माणूस काम करतो, अंगठा गेला की भीक मागतो. तेवढंच काय ते शहाणपण त्यांनी आपल्याला दिलं.

दादा तसाच आहे. फक्त तू फोडलास तो डोळा आता पार बुजला आहे. उरलेल्या एका डोळ्याने दोन डोळ्यांचं बघतो.

उत्तर द्यायचं असेल तर इस्त्रीवालीच्या पत्त्यावर दे, खाली लिहिलाय. घरी नको.

ताई

१९ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पण हे शेवटपर्यंत वाच, मग चूल पेटवायला वापर.

गेल्या आठवड्यात दादा बँकेत जाऊन तमाशा करून आला. चष्मेवाली म्हणाली, तुम्हाला सगळे कागद दाखवता येणार नाहीत, पण एका पानावर तुमचं नाव आहे, ते पान दाखवावं लागेल. आणि तिने दाखवलं. त्यावर लिहिलंय, पैसे हातात पडण्याआधी मुलगी मरण पावली, तर ते थोरल्या मुलाला.

थोरल्या मुलाला, बारक्या! आईनेच लिहिलंय!

मी धावत वकीलबाईकडे गेले. ती म्हणाली, "मी त्यांना विचारलं होतं. पहिलं नाव नसलं तर दुसरं कुणाचं, ते लिहावं लागतं. त्या म्हणाल्या, थोरल्याचं. मी म्हटलं, आजी, ज्याच्यापासून लपवताय त्याचंच नाव? तर म्हणाल्या, तो पण माझाच आहे. त्याला अगदीच कोरडं कसं ठेवू?"

तुला आठवत असेल, दादाने तिला दुपारी लाथ मारली तरी संध्याकाळी ती तीन ताटं मांडायची आणि तिन्ही ताटांत तुकडे मोजून वाढायची. एक तुकडा जास्त झाला तर स्वतःच्या तोंडात टाकायची, पण कमी-जास्त करायची नाही. तशीच ती ह्या कागदावरही वाढून गेली. आणि त्या एका ओळीने माझ्या मुंडक्याला भाव लावला. आईचा मला इतका राग आलाय की रडूसुद्धा येत नाही.

बँकेतून आल्यावर दादा माझ्याशी गोड बोलायला लागला. मला स्वतः चहा करून दिला. मी म्हटलं, मेले आता. तो मारतो तेव्हा मला भीती वाटत नाही, निदान काय चाललंय ते कळतं.

रविवारी दुकान बंद. दुपारी म्हणाला, "आतली बकऱ्यांची धडं मोजून चिठ्ठ्यांशी ताडून ये, उद्या गिऱ्हाईक येईल." मी थंड खोलीत गेले आणि मागे दार लागलं. आतून उघडायचा दांडा असतो ना, बाबा ज्याला एप्रन अडकवायचे? तो नव्हता. चार भोकं होती स्क्रूची, स्वच्छ, ताजी. दार चुकून लागतं, बारक्या. स्क्रू चुकून निघत नाहीत.

मी ओरडले नाही. ओरडून ऊब जाते. भिंतीवरचा धड टांगायचा आकडा काढला आणि दारावर मारत बसले. मग धडांना गुद्दे मारत फिरले, एकेकाला दादा समजून. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नंतर हात उचलेना. मी खाली बसले आणि मला झोप यायला लागली, आणि ती झोप कसली ते आपल्याला माहीत आहे.

दार वहिनीने उघडलं. तिने मला बगलेत हात घालून उठवलं. तिच्या ओठावर शिवलेली जखम आहे, ती त्याचीच मेहेरबानी. म्हणाली, "मी मिठाची पिशवी घ्यायला आले होते. मी कुणाला पाहिलं नाही. तुम्ही मागच्या दाराने जा, परत येऊ नका." मी म्हटलं, तू पण चल. तर म्हणाली, "एकीचं दार उघडलं तेवढं बास झालं आज."

चौकीवर गेले. तिथला माणूस म्हणाला, दारं लागतात हो, घरातलं घरात मिटवा. त्याने माझे निळे हात पाहिले आणि वही मिटली.

आता इस्त्रीवालीकडे राहते, दुकानाच्या माळ्यावर. तिचे कोळसे दिवसभर पेटलेले असतात. मला तेवढं पुरतं.

म्हणून आता उलटं सांगते. सही कर. पण दुसऱ्या कागदावर, हा सोबत आहे तो वकीलबाईने केलाय. विश्वस्त म्हणून तू सगळे पैसे माझ्या हवाली केलेस की ट्रस्ट रिकामा, आणि आईची ती ओळ मेली. पैसे माझ्या स्वतःच्या खात्यात येतील, आणि तिथे वारस म्हणून मी म्हणेन त्याचं नाव लागेल. मग दादाला माझ्या मढ्याचा दमडीचा उपयोग नाही. तोवर मी जिवंत आहे तेच त्याच्या डोळ्यात सलतंय.

एवढं कर. माझ्यासाठी नको, आईसाठी कर.

ताई

२ एप्रिल

तुझं पाकीट मिळालं. केवढ्या आशेने फोडलं! आत तोच कागद, सहीविना, आणि चिटोऱ्यावर एक ओळ: "डोळा कुणी फोडला ते आधी लिही. मग सही."

वा रे वा! इथे माझा गळा चिरायची वेळ आली आणि हा अकरा वर्षांपूर्वीचा हिशेब काढतोय. तुला माहीत नाही का कुणी फोडला? मला माहीत नाही का? मग कागदावर कशाला हवंय? कोर्टाने ठरवलं, तू आत गेलास, बाहेर आलास, संपलं. जुनी मढी उकरून कुणाचं भलं झालंय? आणि हे पत्र दादाच्या हातात पडलं तर? विचार केलास? तो मला पैशांसाठी मारणार नाही मग, फुकट मारेल.

तू असा नव्हतास. मला मांजर चावलं तेव्हा तू रडला होतास.

सही पाठव. पाया पडते.

ताई

६ एप्रिल

बारक्या,

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहितेय. थोडक्यात लिहीन.

परवा दादा इस्त्रीवालीकडे आला. पैसे माझ्या खात्यात वळवायचं चाललंय ते त्याला कुठून तरी कळलं होतं. ती धुतलेले कपडे पोचवायला गेली होती. त्याने पाठीमागे सत्तूर आणला होता. मला वाटलं, संपलं. पण त्याने तो उलटा धरला. माझं मनगट इस्त्रीच्या टेबलावर दाबलं आणि म्हणाला, "सही करायची ना तुला बँकेत? कर." आणि सत्तुराच्या पाठीने माझ्या उजव्या हातावर मारलं. तीनदा. आवाज कोवळी हाडं फोडताना येतो तसाच आला. तिसऱ्यांदा मारताना मी त्याच्या पायावर गरम इस्त्री ढकलली, म्हणून तो गेला. त्याचं कातडं इस्त्रीला चिकटून आलं. चारही बोटं गेली माझी. डॉक्टर म्हणतो, हाडं जुळतील, पण सुरी धरता येणार नाही.

रात्रभर बोटं ठणकत होती आणि मी एकच विचार करत होते. तुलाही असंच कुणीतरी मारलं असेल आत. सहा वर्षं. आणि ती वर्षं माझी होती. मार माझा होता.

घे. लिहिते.

दादाने आईचे केस धरून तिचं तोंड मिठाच्या हौदात दाबलं होतं. ती हातपाय झाडायची थांबली होती. तू दारात उभा होतास, तुझ्या हातात पाण्याची बादली होती. आकडा माझ्या हातात होता. मी मारला. दादाच्या मागून, खांद्यावर मारायला गेले आणि तो वळला. डोळा मी फोडला. त्याने पाहिलं नाही कुणी मारलं. तू माझ्या हातातून आकडा काढून घेतलास आणि म्हणालास, "ताई, तू आईजवळ थांब. मी नसलो तर चालेल, तू नसलीस तर तिला हा संपवेल." एकोणीस वर्षांचा होतास.

इथपर्यंत तू स्वतःहून केलंस. पुढचं मी केलं. तुझ्या वकिलाने मला सांगितलं होतं, एवढंच बोल की तो आईला मारत होता, म्हणजे शिक्षा महिन्यांवर येईल. मला उभं केलं. दादा समोर बसला होता, डोळ्याला पट्टी. मला वाटलं, मी एक खरं बोलले की ते दुसरं विचारतील, आणि दुसऱ्यावरून तिसरं, आणि मग आकडा कुणाच्या हातात होता तिथे येतील. मी म्हणाले, "दादा काही करत नव्हता. ह्याने मागून मारलं." तू माझ्याकडे बघितलंस. मी छताकडे बघितलं. छताला पंखा होता, त्याचं एक पातं वाकडं होतं. मला आजही ते पातं दिसतं.

आईसाठी खोटं बोलले असं मी सगळ्यांना, स्वतःलासुद्धा सांगत आले. आईसाठी नाही. माझ्या कातडीसाठी. तुला भेटायला एकदाही आले नाही, कारण तू जाळीपलीकडून काय बोलशील त्याची भीती वाटायची.

झालं. आता सही दे किंवा देऊ नकोस. ह्याचीच एक प्रत मी वकीलबाईकडे देतेय, चौकीवर आणि कोर्टात द्यायला. तू सही केलीस न केलीस, ती जाणारच.

तुझी ताई

२४ एप्रिल

बारक्या,

कागद पोचला. तुझी सही अजून तशीच आहे, शेवटचं अक्षर शेपटीसारखं लांब. मी पाकीट झटकून बघितलं, आणखी काही नव्हतं. मग कागद उलटा केला तर मागे पेन्सिलीने तीन शब्द: "अंगठा वाचला का?"

इस्त्रीवाली वर धावत आली, तिला वाटलं मला परत कुणी मारतंय. एवढ्या मोठ्याने रडले.

आता बँकेतलं ऐक. वकीलबाई बरोबर होती. चष्मेवालीने तुझी सही दोनदा पडताळली, ट्रस्टचं खातं बंद केलं, पैसे माझ्या नावावर आले. मग म्हणाली, इथे सही. मी बँडेजचा हात वर केला. ती कागदासारखी पांढरी पडली. म्हणाली, "सही जुळल्याशिवाय वारसाचा फॉर्म कसा घेऊ? बोटं बरी होईपर्यंत..." मी म्हटलं, "बाई, बोटं बरी होईपर्यंत मी नसेन. अंगठा चालतो का?" तिने साहेबाला विचारलं. दोन साक्षीदार असले की चालतो. वकीलबाई एक, आणि दुसरा दारावरचा पहारेकरी, तो आपण होऊन पुढे आला.

वारसाचं नाव विचारलं, तुझं सांगितलं. नातं विचारलं, भाऊ म्हटलं. मग तिने तोच प्रश्न विचारला, ज्याने आईचा घात केला. "आणि हे नसले तर दुसरं नाव?" मी म्हटलं, तिथे आडवी रेघ मारा. माझ्या घरात आता ताटं मोजून वाढायची नाहीत.

तिने शाईचा डबा पुढे केला आणि दादा आत आला. लंगडत. त्याला बघून रांग आपोआप बाजूला झाली. मी त्याच्या डोळ्याला डोळा देऊन अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. चष्मेवालीने शिक्का मारला, ठक्क. मग मी त्याच्याकडे वळले.

"दादा," म्हटलं, "आता मला मारलंस तर ते फुकट जाईल. तुला एक छदाम मिळणार नाही. आणि हो, मारायचंच असेल तर खऱ्या कारणासाठी मार. तुझा डोळा बारक्याने नाही फोडला. मी फोडला. मिठाच्या हौदाजवळ. ह्याच हाताने."

त्याला कळायला वेळ लागला. तो माझ्याकडे बघत राहिला, मग बँडेजकडे. मला वाटतं त्याला पहिल्यांदाच कळलं की तो अकरा वर्षं चुकीच्या माणसाचा द्वेष करत होता आणि बरोबर तोच हात त्याने नकळत फोडला होता. मग तो आला. काउंटरवरची काच माझ्या पाठीने फुटली, माझा गळा त्याच्या दोन्ही हातांत होता, आणि चष्मेवाली, एवढीशी ती बाई, लोखंडी शिक्का घेऊन त्याच्या डोक्यावर मारत होती, ठक्क ठक्क ठक्क, कागदावर मारते तशीच. पहारेकऱ्याचा एक दात पडला. चौघांनी मिळून त्याला खाली पाडलं. भर बँकेत, बारा साक्षीदारांसमोर. आता चौकीवाल्याला वही मिटता येईना. दादा आत आहे. वहिनीनेही जबानी दिली, स्क्रूची. चारही स्क्रू तिने मिठाच्या पिशवीत जपून ठेवले होते.

माझंही प्रकरण उघडलंय. खोटी साक्ष आणि तो डोळा. वकीलबाई म्हणते काहीतरी होईलच, किती ते सांगता येत नाही. होऊ दे. तुझी सहा वर्षं मला परत करता येत नाहीत, पण तुझ्या नावावरचा डाग माझ्या नावावर आला की मी छताकडे बघायची थांबेन.

आता एक गंमत सांगते. मी मेले तर ह्या जगात फायदा होणारा एकच माणूस उरलाय, आणि मी त्याच्याशी सगळ्यात वाईट वागले आहे. वकीलबाईने हळूच विचारलं, "विचार केलात ना नीट?" मी म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदाच केलाय.

ये. इस्त्रीवालीकडचा जिना उभा आहे, डोकं सांभाळ. कडी मी लावत नाही.

डाव्या हाताची सही मला अजून येत नाही. म्हणून तुझ्या तीन शब्दांचं उत्तर खाली देते. शाई ह्या वेळी खरंच शाई आहे.

(उजव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा, निळा, अख्खा)